बाहेरच्या माणसाला बसमध्ये जागा नाही

शाळा उघडते त्या दिवशी निघणाऱ्यासमोर रस्त्यावर पाणी ओतायचं, म्हणजे वर्ष पाण्यासारखं सुरळीत जातं. डोंगरातल्या गोर्नी डोल गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही. झ्लाटिनानं भरलेलं भांडं उचललं, डोळे मिटले आणि शाळेच्या बससमोर पाणी फेकलं... ते नेमकं बसच्या आडून आलेल्या एका उंच तरुणाच्या छातीवर!

"अगं बाई!" ती जागीच थिजली.

"मला वाटलं, आज आभाळ स्वच्छ आहे," तो चष्मा पुसत म्हणाला.

पोरं खिदळली. ड्रायव्हर पेन्योकाकांनी कपाळावर हात मारला. वारं बोचरं, आणि खाली शहरात जायला दुसरं वाहन नाही. पोरांना शाळेत सांभाळून नेणं हे झ्लाटिनाचं काम. बसमध्ये बाहेरचं माणूस घ्यायचं नाही, हा सरकारी नियम तिला पाठ होता. तरी तिनं त्याला शेजारी बसवलं, आपली शाल दिली, वर चीज भरलेली गरम बनित्साही हातात ठेवली.

"बाहेरच्याला घेता येतं?" त्यानं विचारलं.

"नाही येत. पण भिजवून सोडूनही जाता येत नाही."

तो हसला, आणि तिला उगीचच खिडकीबाहेर बघावंसं वाटलं.

शाळेशी उतरताच त्यानं ओळखपत्र काढलं. "माझं नाव विहरेन. जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीतला. काल रस्ता तपासत पायी वर आलो. गोर्नी डोलची बस ठेवायची की नाही, ते ठरवायचंय."

झ्लाटिनाच्या पायाखालची जमीनच सरकली. बस गेली तर एवढीएवढी पोरं आईबापांना सोडून वसतिगृहात!

"नियम मी मोडला," ती म्हणाली. "मला काढा. बस नका काढू..."

त्यानं तिथंच फोन लावला.

"साहेब, रस्ता चांगला, बस चांगली. बाहेरचा प्रवासी एकच, मीच. ओळख लपवून चढलो, चूक माझी. पण माझा शेरा धरू नका, दुसऱ्याला पाठवा. कोणीही आलं तरी हेच सांगेल." पलीकडून प्रश्न आला. "कारण? आपलं माणूस ज्या बसवर आहे, ती बस आपण तपासायची नसते ना... म्हणून."

झ्लाटिना चक्रावली. "आपलं माणूस? कोण? पेन्योकाका?"

विहरेन कानापर्यंत लाल झाला. "नाही हो... काका नाहीत."

मग तिला उमगलं, आपलं माणूस म्हणजे तीच. ओळख होऊन तास नाही झाला! वेडा आहे की काय हा? आणि हे ऐकून आपल्याला एवढा आनंद का व्हावा?

"रविवारी आमच्याकडे जेवायला ये," ती कशीबशी म्हणाली. "पण चालत. बसमध्ये घेणार नाही."