इस्त्री केलेला डोंगर

"शुक्रवारी अकराला रद्दीची गाडी येईल," मावशी म्हणाली, "तोवर या गठ्ठ्यांवर बसायचं नाही, त्यांना हात लावायचा नाही आणि इथे काही सांडायचं नाही."

"मग सुट्टीत करायचं काय?" ढब्बूने विचारलं.

"श्वास घ्या. हळू."

मावशी नकाशा कचेरीच्या तळघरात जुनं दफ्तर सांभाळायची. ढब्बू तिचा मुलगा. शेपूट तिची मुलगी, वय आठ. भावाच्या मागून हटत नसे म्हणून शेपूट. काडी त्यांची मावसबहीण, तेरा वर्षांची.

थंडीत काडीची आई गेली. तेव्हापासून काडीला काही वाटत नव्हतं. म्हणजे भूक लागायची, चप्पल चावायची. पण बाकी सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं. भेटायला येणारे म्हणत, "रडून घे गं." काडी "हो" म्हणायची आणि पाण्याचे रिकामे पेले उचलून आत न्यायची.

रद्दीत निघालेले एक्केचाळीस नकाशे तिच्याच आईने काढले होते. समुद्राच्या तळाचे. जुन्या जहाजांच्या वह्यांमधले आकडे एकेक करून शाईने उतरवलेले. आता प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यावर गुलाबी चिठ्ठी डकवलेली होती: 'सदोष. वापरू नये.'

"आईने नसलेला डोंगर काढला म्हणे," काडी शेजाऱ्यांची बातमी सांगावी तसं म्हणाली.

झालं होतं ते असं. कचेरीतल्या संगणकवाल्या काकांनी काडीच्या आईच्या कागदांवरून नवा नकाशा तयार केला. गेल्या महिन्यात एक जहाज समुद्रात तारा टाकायला गेलं. नकाशातला डोंगर चुकवायला त्याने दोन दिवसांचा वळसा घातला. मग कळलं की तिथे डोंगर नाहीच, नुसतं खोल पाणी. साहेबांनी निकाल दिला: मूळ कागदच चुकीचे, त्या हातचे सगळे काढून टाका.

नवा नकाशा भिंतीवर होता. ढब्बू त्यापुढे उभा राहून बराच वेळ कान खाजवत होता.

"आई, या डोंगरावर नऊ आकडे आहेत. नऊही ठिकाणी चारशे?"

"चारशे वाव. दोन्ही हात पसरले की एक वाव."

"ते असू दे. पण डोंगर म्हटलं की कुठे वर, कुठे खाली. हा काय इस्त्री केलेला आहे?"

मावशीने चष्मा वर केला. "पूर्वी जहाजावरून शिशाचं वजन बांधून दोर सोडायचे. वजन टेकलं की दोर सैल पडायचा. नंतर आवाज सोडून त्याचा पडसाद मोजायला लागले. पण त्या भागात दोरवालंच जहाज गेलं होतं. एकेका आकड्याला तास तास लागायचा."

"आणि वजन माशाच्या डोक्यावर टेकलं तर?" शेपटीला काळजी पडली.

"तर मासा तक्रार करेल. जा आता, बाहेर खेळा."

गुरुवारी सकाळी ती तिघं धक्क्यावर गेली. कपडे वाळत घालायची दोरी आणि एक गंजकं कुलूप, एवढं सामान. काडीने हात पसरून दोरी मोजली, सात वाव भरली. टोकाला ढब्बूने कुलूप बांधलं आणि पाण्यात सोडलं. दोरी सरसर गेली आणि संपली.

"टेकलं?" शेपूट वही घेऊन बसली होती.

"नाही. अजून ओढतंय."

"मग लिहू काय? सात?"

"सात लिहिलंस तर खाली सातवर जमीन आहे असं होईल," ढब्बू म्हणाला.

"काहीच नाही लिहिलं तर आपण आलोच नाही असं होईल," शेपूट म्हणाली.

काडी दोरीकडे बघत होती. "सात लिही आणि त्याच्यावर काहीतरी खूण कर. दोरी संपली, तळ लागला नाही, अशी." मग ती थांबली. "आईच्या आकड्यांवर रेघ होती. रेघेवर टिंब."

"भिंतीवरच्या नकाशात नाही," ढब्बू म्हणाला.

कुलूप तिथेच सोडून पळायची ढब्बूची तयारी होती. शेपटीने ते वर काढायला लावलं, कारण ते घरच्या कोळशाच्या खोलीचं होतं.

मावशी जेवायला वर गेल्यावर त्यांनी मनाई केलेला गठ्ठा सोडला. नऊ चारशे. नऊ रेघा, नऊ टिंबं. काडी शिडीवर चढली आणि कागदावर लिहिलेल्या क्रमांकाची जहाजाची वही काढली. पानं बिस्किटासारखी तुटत होती. तिने सपाट आवाजात वाचलं: "'काल दोर तुटला. चारशे वाव उरला आहे. आज नऊ ठिकाणी सोडला, कुठेही तळ लागला नाही.'"

"म्हणजे तुझ्या आईचं बरोबर होतं," ढब्बू म्हणाला.

"हो," काडी म्हणाली. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मनाई मोडलेली, त्यामुळे मावशीला सांगायची सोय नव्हती. साहेब दौऱ्यावर, शुक्रवारी बाराला येणार. गाडी अकराला. संगणकवाल्या काकांना विचारलं तर ते मान न वळवता म्हणाले, "सोमवारी बघू."

"सोमवारी त्याचा लगदा झालेला असेल," काडी म्हणाली.

"बघू म्हटलं ना."

शुक्रवारी अकराला गाडीवाला आला, 'रद्दी' अशी पाटी लावलेले पाच गठ्ठे उचलले आणि गेला. बाराला साहेब आले, तर तळघराच्या पायरीवर तीन मुलं, मांडीवर नकाशा आणि वही.

साहेबांनी वही वाचली. नकाशा वाचला. पुन्हा वही वाचली. मग काकांना बोलावलं.

"ही रेघ दिसली नव्हती?"

"दिसली होती," काका म्हणाले. "पण डोक्यावर रेघ असलेला चारशे कीबोर्डवर नाही. म्हणून नुसता चारशे घातला."

"कोणाला विचारलंत?"

काका बुटांकडे बघू लागले. साहेबही थोडा वेळ आपल्या बुटांकडे बघत राहिले. "मीही मूळ कागद उघडला नाही," ते म्हणाले. "बाई चुकल्या नव्हत्या. आम्ही चुकलो. पोरांनो, आमच्या अख्ख्या कचेरीला जमलं नाही ते तुम्ही केलंत."

"पण मग गाडीतून गेलं काय?" मावशीने विचारलं.

"रजेचे कोरे अर्ज," ढब्बू म्हणाला. "पाट्या बदलल्या आम्ही."

"आता कोणालाच रजा नाही," शेपूट म्हणाली. साहेब हसले. मावशीने ढब्बूचा कान धरला आणि मग तोच कान कुरवाळला.

दुपारभर ओल्या कापसाने चिठ्ठ्या काढायचं काम चाललं. साहेबांनी स्वतः चार काढल्या, त्यातली एक फाडली. मावशीचे डोळे सारखे भरत होते. काडी तिचा चष्मा पुसून देत होती.

डोंगराच्या कागदावरची चिठ्ठी काडीने काढली. खाली आईची सही होती. आणि तारीख. काडीने बोटांवर महिने मोजले. मग पुन्हा मोजले.

"मावशी, माझा जन्म याच्यानंतर दोन महिन्यांनी."

"हो की. तू सातव्या महिन्यात होतीस. टेबलाला पोट अडायचं, म्हणून तिरकी बसून काढायची ती. रेघ मारताना तू लाथ मारलीस की हात उचलून थांबायची. म्हणायची, हिचं झालं की पुढे जाऊ."

काडीने नऊ रेघांवरून बोट फिरवलं. सातवी आणि आठवी यांच्या शाईत किंचित फरक होता, मध्ये कोणीतरी थांबल्यासारखा.

"इथे," ती म्हणाली. आणि बोट तिथेच ठेवून बसली.