गुडघ्यावरचा हात

"आजाऱ्यांचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर ठेवायची अक्कल ज्या कुणाची असेल, त्याला एकदा पाठुंगळी घेऊन हे जिने चढायला लावलं पाहिजे," तिच्या मागच्याच पायरीवर कुणीतरी पुटपुटलं.

तिने वळून पाहिलं नाही. अक्कल तिचीच होती. लिफ्ट आजच दगा देईल हे तिला काय ठाऊक? "कठड्याच्या बाजूने घ्या त्यांना, सोपं जाईल," एवढं म्हणून ती चित्रांचा गठ्ठा सावरत पुढे सटकली.

मागे होता एक घड्याळ दुरुस्त करणारा तरुण, आणि त्याच्या खांद्यावर भार टाकून चढणारे त्याचे बाबा. बाबांनी उभी हयात बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा देण्यात घालवली होती. त्यांचा आवाज ऐकून लोक चहा अर्धा टाकून पळायचे म्हणे. मग पक्षाघाताचा झटका आला. चालणं थोडंफार परतलं, बोलणं मात्र घशातच रुसून बसलं. अशा रुसलेल्या बोलण्याची समजूत काढणं हेच तिचं काम होतं. आठवड्यातून एकदा ती आपल्या सगळ्या रुग्णांना गोलात बसवायची आणि चित्रं दाखवून, गाणी गुणगुणून, चिडवून, कसंही करून बोलतं करायची.

प्रत्येक वळणावर टेकत, धापा टाकत बापलेक आत आले तेव्हा वर्ग निम्मा उरकला होता. शिकवणारी बाई कोण हे बघताच घड्याळवाल्याचे कान लाल झाले.

"या," ती म्हणाली. "अक्कल माझीच."

तो हसला, आणि तिला शब्द सापडायला एक क्षण उशीर झाला. तिच्या धंद्यात हे लक्षण गंभीर मानतात.

वर्ग संपताना ती सगळ्यांचं मत घ्यायची. ज्यांना बोलता येत नाही त्यांना 'कसं वाटलं, सांगा' म्हणणं म्हणजे क्रूरपणाच, म्हणून तिने हाताची खूण ठरवली होती. वर्ग फुकट गेला तर हात गुडघ्यावर, बरा वाटला तर छातीशी, फार आवडला तर डोक्याच्या वर. सोबत आलेल्यांनीही दाखवायचा. हे ती नव्या तुकडीच्या पहिल्या वर्गाला, सुरुवातीलाच एकदा समजावून सांगायची, तसं त्या दिवशीही सांगून झालं होतं. तिने मान हलवली, तसे हात वर गेले. शिंपीणकाकूंचा तर छताला टेकायचा बाकी होता. झटक्यानंतर काकूंकडे 'अगदी अगदी' हे दोनच शब्द उरले होते आणि त्यावर त्या सुना, गिऱ्हाइकं, डॉक्टर सगळं निभावून नेत.

एक हात मात्र गुडघ्यावर होता. घड्याळवाल्याचा.

जिन्यांचा राग असेल, असं म्हणून तिने इमारतीच्या व्यवस्थापकाशी भांडून तळमजल्यावरची खोली मिळवली. पुढच्या आठवड्यात हात पुन्हा गुडघ्यावर. तिने चित्रं बदलली, खेळ बदलले. हात तिथेच, अगदी निवांत. वर त्याचे बाबा त्याची बाही ओढायला लागले, की तो त्यांना उठवून घाईघाईने निघूनही जायचा. जणू सुटका झाली.

एरवी मात्र माणूस गोड. वर्गाच्या आधी लवकर येऊन खुर्च्या मांडू लागायचा. भिंतीवरचं बंद घड्याळ त्याने न सांगता चालू केलं. एकदा तिच्या मनगटी घड्याळाचा पट्टा तुटला, तर ते कानाशी धरून ऐकत बसला.

"हे पुढे धावतंय."

"मुद्दाम ठेवलंय. मला उशीर होऊ नये म्हणून."

"म्हणजे स्वतःलाच फसवता?"

"तुम्ही करता का सरळ?"

"करीन. पण मग उशीर झाला तर खापर माझ्यावर फोडाल…"

"ते तर फोडीनच."

असा माणूस तासाभराने हात गुडघ्यावर ठेवतो, याचा अर्थ तिने एकच लावला. बाकीचे आपलं मन राखतात, खरं बोलतो तो हा एकटाच. मनातून ज्याच्या मताला किंमत द्यावी, नेमका त्यालाच आपला वर्ग रद्दी वाटतो. घरी तिच्या आईने उतरलेल्या चेहऱ्याचं कारण खोदून विचारलं तेव्हा तिने हाताची गोष्ट सांगितली. आई म्हणाली, एवढे हात वर असताना तुला तेवढाच एक दिसतो होय, मग दुखणं वेगळंच आहे तुझं. ती चिडून उठून गेली. आणि वर्ग दुसऱ्या बाईंकडे सोपवून आली.

पुढच्या वर्गाला, हा आपला शेवटचा, असं तिने सगळ्यांना सांगितलं. शिंपीणकाकूंनाही 'अगदी अगदी' म्हणवेना. बाबांनी मुलाकडे पाहिलं, काकूंनी तिच्याकडे, आणि मग सगळ्यांनी एकदम आपापल्या चपलांकडे. शेवटचं मत दाखवायला हात वर गेले. गुडघ्यावरचा गुडघ्यावरच.

आज गमवायला काही उरलं नव्हतं. "एकदा सांगून तरी टाका," ती म्हणाली. "तुम्हाला काय आवडलं नाही?"

"कुणाला? मला?" तो गोंधळला. "मी तर… जराही दमलो नाही."

"दमायचा काय संबंध?"

"दमणूकच दाखवायची ना? पहिल्या दिवशी आम्ही उशिरा आलो. बघतो तर काकू घामाघूम, हात पार डोक्यावर. मला वाटलं, कोण किती थकलं ते विचारताय. मी आपला गुडघ्यावर ठेवायचा. म्हणजे अजून तासभर चाललं तरी चालेल… दोन तासही."

बाबांनी कपाळावर हात मारला, आणि मुलाची बाही पुन्हा वर ओढून दाखवली.

"यासाठी ओढत होता होय?" तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं तुम्हाला बाथरूमला जायचंय."

पहिल्यांदा शिंपीणकाकू हसल्या. मग सगळेच. तीही हसली, आणि इतके आठवडे छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेला तसा मोठा श्वास तिने घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने खुशाल येऊ दिलं. दुसऱ्या बाईंना उद्या सकाळीच फोन करायचा, हेही ठरून गेलं.

हसणं ओसरलं. तो उभाच होता.

"म्हणजे वर्ग सोडणार नाही ना? कारण मी इथे… बाबांसाठी येतो, ते खरंच. पण नुसतं तेवढंच नाही. मला… तुम्ही…"

आणि अडकला. जीभ धडधाकट, तरी अडकला.

कुणाचा शब्द अडला तर दुसऱ्याने पुरवायचा नाही, वाट बघायची, असा या खोलीचा नियम. सगळे पुढे झुकून वाट बघू लागले. शब्द हरवणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? तीही बघत राहिली, श्वास रोखून. तो ओठ उघडायचा, मिटायचा.

शेवटी बाबांचा धीर सुटला. मान ताठ झाली, गळ्याची शीर तटतटली, आणि बसस्थानकाच्या पार टोकाला ऐकू जावं तसं ते म्हणाले,

"आवडता."