खिंडीतली मुंगी

"अहो, ते चुकलेलं नाही," सृष्टी म्हणाली आणि तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं. अनोळखी माणसाच्या लॅपटॉपमध्ये डोकावायचं, आणि वर बोलायचंही!

पाच नंबरच्या बेडवरच्या तरुणानं मान वळवली. त्याचा डावा हात उशीवर पसरलेला होता. हातात दोन सुया होत्या, सुयांना दोन नळ्या, आणि नळ्यांच्या पलीकडं डायलिसिसचं घरघरणारं मशीन. लॅपटॉप मांडीवर. पडद्यावर एक निळी पट्टी फिरत होती... फितीला एक पीळ देऊन टोकं चिकटवावीत तशी. तिच्यावर एका जागी काळी चीर पडली होती.

"तीन दिवस झाले, ही चीर घालवतोय मी," तो म्हणाला. "आणि तुम्ही म्हणता, चूक नाही?"

"तुम्ही प्रोग्रामला सांगितलं असणार, की प्रत्येक जागी बाहेरची बाजू कुठली ते ठरव आणि तिकडून उजेड टाक. होय ना?"

"होय."

"या पट्टीला बाहेरची बाजूच नाही. सगळी मिळून एकच बाजू. फिरून परत आलं की बाहेरचं आत झालेलं असतं. तुमचं गणित जिथं स्वतःलाच येऊन भेटतं, तिथं भांडण होणारच. दोन्हीकडून उजेड टाका."

एका हातानं त्यानं काहीबाही टाइप केलं. चीर गेली. पट्टी अंगभर निळी झाली. तो पट्टीकडं बघायचं सोडून तिच्याकडंच बघत राहिला.

"डॉक्टर आहात?"

"छे! गणितात एम.एस्सी. इंदापूरला कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते."

"म्हणजे देवानंच पाठवलं म्हणायचं."

"देवानं नाही, आमच्या आबांच्या किडन्यांनी पाठवलं." तिनं चार नंबरच्या बेडकडं बोट दाखवलं. तिथं तिचे वडील, गेणूआबा, डोळे मिटून पडले होते.

तो हसला. त्या वॉर्डात कुणी हसलेलं सृष्टीनं दोन महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं.

त्याचं नाव शंभूराज. गाव वडगाव निंबाळकर. पुण्यात चांगली नोकरी होती, पण सव्विसाव्या वर्षी पाय सुजले, तपासण्या झाल्या, आणि दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. नोकरी सुटली, ठरत आलेलं लग्न फिसकटलं, आणि तो आईकडं परत आला. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार बारामती. सकाळी पावणेअकराला मशीन सुरू, दुपारी पावणेतीनला बंद. बाकीच्या वेळात उसाच्या गावात राहून उसाचा रस प्यायचा नाही, नारळपाणी नाही, ताक नाही, आणि पाणी दिवसाला एक तांब्या, तेही मोजून.

सृष्टी वरकुट्याची. घराण्यात कधीकाळी मेंढरं होती. आबांनी ऐन तरुणपणी खांद्यावर घोंगडी टाकून मुलूख पालथा घातलेला. तीच एकुलती एक. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती शिकवायची, आणि उरलेले तीन दिवस आबांना घेऊन एसटीनं बारामतीला यायची.

पुढच्या गुरुवारी तिनं स्टूल जरा अलीकडं घेतलं. चार आणि पाचच्या मधोमध.

"हे सगळं करताय कुणासाठी?" तिनं विचारलं.

"माझ्यासारख्या ढ मुलांसाठी. सर फळ्यावर खडूनं घोड्याच्या खोगिरासारखा पृष्ठभाग काढायचे आणि म्हणायचे, कल्पना करा. मला कल्पनाच करता यायची नाही. दोनदा नापास झालो. म्हटलं, समीकरण लिहिलं की वस्तू समोर उभी राहिली पाहिजे, साध्या मोबाइलवर. बोटानं फिरवता आली पाहिजे."

"नुसती फिरवून कळत नाही."

"का बरं?"

"माझ्या वर्गातल्या पोरी व्हिडिओ बघतात, किती छान म्हणतात, आणि पेपरात भोपळा आणतात. कापून दाखवा. आडवं कापलं तर कसं दिसतं, उभं कापलं तर कसं. आणि... त्यावर चालता आलं पाहिजे."

"चालता?"

"मुंगी सोडा एक. बोटानं चालवायची. कुठं चढ लागतो, कुठं उतार, हे मुंगीला कळलं की पोरींनाही कळेल."

तो हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही इतके दिवस कुठं होतात?"

"एसटीत," ती म्हणाली, आणि मान खाली घालून हसू दाबलं.

मुंगी बनायला तीन आठवडे गेले. ती कधी पृष्ठभागात बुडायची, कधी हवेत तरंगायची. अडचण अशी की आकृती फिरवताना डाव्या हातानं एक बटण दाबून धरावं लागायचं, आणि शंभूराजचा डावा हात तर मशीनला बांधलेला. एके दिवशी तो उजव्या हाताची बोटं ताणून दोन्ही करायला बघत होता, तर सृष्टीनं आपला हात पुढं केला आणि ते बटण दाबून धरलं.

"सोडू का?"

"नको..." तो म्हणाला. आकृती केव्हाच फिरून झाली होती.

तेव्हापासून लॅपटॉपवर दोघांचे दोन हात असायचे. त्याचा उजवा, तिचा डावा. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. सिस्टर येता-जाता खाकरायच्या. सृष्टी मुद्दाम आबांची चादर सारखी करायला उठायची.

एकदा आबांनीच डोळे उघडले. "काय बघताय गं येवढं?"

शंभूराजनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. "आबा, हे काय असंल, सांगा बरं."

पडद्यावर ते खोगीर होतं. आबांनी डोळे बारीक केले. "खिंड हाय की ही. हिकडं डोंगर, तिकडं डोंगर. चढून आलं की मधी जरा सपाट लागतं, आन मग दोन्ही अंगाला उतार. मेंढरं हितनंच पार करायची. पन खिंडीत थांबायचं न्हाय बरं का. वारं लई असतंय."

सृष्टी बघतच राहिली. जे शिकवायला ती फळा भरायची, ते आबांनी चार वाक्यांत सांगितलं होतं. शंभूराजनं तिथल्या तिथं त्या आकृतीचं नाव बदलून 'खिंड' केलं. आबांनी बोटानं मुंगी चालवली. दरीत उतरली की परत वर आणायचे. त्या दुपारी त्यांना पायात पेटके आले तेव्हाही ते ओरडले नाहीत.

पण सगळे दिवस तसे नव्हते. दोन नंबरच्या बेडवरच्या बाई एका शनिवारी आल्या नाहीत, आणि मंगळवारी तिथं दुसरंच कुणी होतं. कुणी काही विचारलं नाही. चादर तेवढी बदलली होती. द्वारकाबाईंची, शंभूराजच्या आईची, किडनी द्यायची तपासणी चालू होती. निकाल आला. त्यांना साखर निघाली, किडनी घेता येणार नव्हती. त्या दिवशी शंभूराजनं लॅपटॉप उघडलाच नाही. द्वारकाबाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर पदरात तोंड घालून बसल्या होत्या. सृष्टीनं त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, आणि तिच्याकडं बघून म्हणाल्या, "पोरी, तू चांगली हायेस. म्हनून सांगते... माझ्या पोरात जीव गुंतवू नगंस."

शनिवार ते मंगळवार हा वॉर्डातला सगळ्यात वाईट काळ. मधे दोन दिवस मशीन नाही. अंगात पाणी साठत जातं. ऑक्टोबरातल्या अशाच एका रविवारी ऊन मी म्हणत होतं. आबांनी वाट्याचं पाणी दुपारीच संपवलं होतं.

"सृष्टे, घोटभर दे."

"आबा, न्हाय चालत."

"जिभंला काटं आल्यात गं. रानात कुत्र्याला सुदिक पाजतो की आपुन..."

तिनं दिलं. एक तांब्या. त्यांनी तो डोळे मिटून, हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

सोमवारी पहाटे त्यांना धाप लागली. गाडी इंदापूरला पोचायच्या आतच सगळं संपलं होतं.

चौदावा झाला. घरातली माणसं आपापल्या गावी गेली. सृष्टीची आई, सारजाबाई, भिंतीला टेकून बसून राहायची. शंभूराजचा एकही फोन आला नाही. पहिल्या दिवशी तेवढा दोन ओळींचा निरोप होता, मग काहीच नाही. सृष्टीनं दोनदा फोन केला. उचलला नाही. मंगळवार यायचा, तिचे पाय आपोआप स्टँडकडं वळायचे, आणि मग तिला आठवायचं, की आता तिथं आपलं कुणी नाही.

पाचव्या आठवड्यात ती गेलीच.

चार नंबरवर एक पोक्त गृहस्थ पेपर वाचत होते. स्टूल भिंतीकडं सारलेलं होतं. तिनं ते ओढून आणलं. शंभूराज वाळला होता, चेहरा राखेसारखा झाला होता.

"कशाला आलीस?" तो म्हणाला.

"मुंगी कडेवर अडकते अजून. बघायला आले."

"जा घरी."

"फोन का उचलत नाहीस?"

तो छताकडं बघत राहिला. "तू औषधं आणायला गेली होतीस एकदा. तेव्हा आबांनी माझ्याकडनं शब्द घेतला. म्हणाले, माझ्यामागं हिला ह्या खोलीत पाऊल टाकू देऊ नगंस. एक मरान बघंल, तेवढं बास हाय." त्यानं चादर छातीपर्यंत ओढली. "मी व्हय म्हटलं, सृष्टी. आणि त्यांचं बरोबरच होतं. आईची किडनी घेता येत नाही. सरकारी यादीत माझ्यापुढं किती माणसं आहेत, मला ठाऊक नाही. मी काय देणार तुला?"

जे सृष्टी आईलाही बोलली नव्हती, ते तिनं सांगितलं. "आबांना मी पाणी दिलं होतं. रविवारी. अख्खा तांब्या. त्यांनी मागितलं, आणि मला... मला नाही म्हणवलं नाही. मीच मारलं त्यांना."

मशीन घरघरत होतं. चार नंबरच्या गृहस्थांनी पेपर चेहऱ्यापुढं जरा वर धरला.

"माझ्याकडं बघ," शंभूराज म्हणाला. "तहान काय असते, हे या खोलीतल्या आडव्या माणसांनाच माहीत. मी रात्रंदिवस पाण्याचाच विचार करतो. त्या तांब्यानं गेले की नाही, डॉक्टरलाही सांगता यायचं नाही. त्यांचं हृदय आधीच थकलं होतं. पण तो तांब्या पिताना त्यांना काय वाटलं असेल, ते मी सांगू शकतो. माझ्या आईनं मला तसा एकदा दिला असता ना, तर मी तिच्या पाया पडलो असतो."

तेव्हा ती रडली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. त्याचा मोकळा हात तिच्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला.

जरा वेळानं त्यानं विचारलं, "उद्या मी मागितलं तर?"

"भांडेन."

"आणि तरी मागितलं तर?"

"अर्धा तांब्या देईन," ती नाक पुसत म्हणाली. "आणि दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर तुझ्याबरोबर शिव्या खाईन."

तो हसला, मग गंभीर झाला. "आबांना दिलेल्या शब्दाचं काय?"

"शब्द तू दिलास. मी न्हाय दिला." चिडली की तिच्या तोंडी वरकुट्याची बोली यायची. "माजं काय करायचं ते तुमी दोघांनी मिळून ठरवलं व्हय? मला इचारलं का कुणी?"

"आता विचारतो," तो म्हणाला. सुया टोचलेला हात हलवायचा नसतो. त्यानं दुसरा पुढं केला. "राहशील?"

"राहीन."

"किती दिवस मिळतील, माहीत नाही."

"मी किती म्हणून विचारलंच नाही."

घरी तिनं आईला सांगितलं. सारजाबाईंनी तिच्याकडं एकटक बघितलं. "जात येगळी, मानूस आजारी. डोळं उघडं ठिऊन चाललीस?"

"व्हय आई."

"मग मी कोन आडवनार? तुझा बाप मेंढरं घिऊन निघाला, तवा त्यालाबी कुनी आडवलं न्हवतं."

द्वारकाबाई मात्र भांडल्या. देवाची शपथ घातली, दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पाटल्यांचा जोड काढून सृष्टीच्या हातात भरला आणि तिला पोटाशी धरून हमसून हमसून रडल्या. ते आनंदाचं रडणं नव्हतं, आणि कुणी तसं भासवलंही नाही.

लग्न इंदापुरात झालं, रविवारी, वीस माणसांत. सोमवारी घरात पाहुणे होते. मंगळवारी सकाळी दोघं बारामतीला आले. वॉर्डात पेढे वाटायची सोय नव्हती, तिथं कुणालाच ते चालत नव्हते. सृष्टीनं प्रत्येकाच्या हातावर खडीसाखरेचा एकेक खडा ठेवला. चार नंबरच्या गृहस्थांनी तो जिभेवर ठेवून डोळे मिटले.

सिस्टरनी वजनाचा काटा बघितला, सुया टोचल्या. मशीन सुरू झालं आणि नळीतून रक्त वर चढत गेलं. सृष्टीनं लॅपटॉप उघडून त्याच्या मांडीवर ठेवला. आज गोळा कापून दाखवायचा भाग लिहायचा होता.

"बाहेर जाऊन चहा तरी घेऊन ये," तो म्हणाला. "चार तास आहेत."

"असू दे," ती म्हणाली आणि स्टूल जवळ ओढलं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. पावणेतीनला मशीन थांबणार होतं. तोवर तरी दोघांपैकी कुणी कुठं जाणार नव्हतं.