राजदंडाचा आवाज

"छे! कॉफीलासुद्धा डांबराची चव!" चौकातल्या कॅफेत बसलेले नगराध्यक्ष लाझारोस कुरकुरले. "उद्याचा सण उरकला की ही शेजारची डांबराची शेड पाडून टाका. वीर याकूमिसांच्या चौकात असली घाण? आमचे हे पूर्वज खानदानी सरदार होते!"

भिंतीपलीकडे, त्याच शेडमध्ये, फोतिनीने दातओठ खाल्ले. "आजोबा, बोला ना काहीतरी!"

"दोन होड्या गळतायत. बोलत कुठे बसू?" म्हणत आजोबांनी फळ्यांच्या फटीत डांबरात बुडवलेला काथ्या लाकडी मोगरीने ठोकला. ठण्ण! बेटावर हे काम येणारे ते शेवटचेच.

"संग्रहालयातला याकूमिसांचा तो खानदानी राजदंड तरी बघून येऊ!" सुट्टीला आलेला मामेभाऊ स्तामातिस म्हणाला.

संग्रहालयात नगराध्यक्षांची म्हातारी आत्या, एव्हान्थिया, विणत बसली होती. काचेच्या पेटीत, लाल मखमलीवर राजदंड झळकत होता.

"फोतिनी, याच्या डोक्याला आरपार चिरा आहेत!"

"आजोबांच्या मोगरीसारख्या! त्या चिरांमुळेच ती ठण्ण वाजते. हा कसला राजदंड! नाटकातल्या मुकुटासारखा सोनेरी रंग फासलाय नुसता!"

आत्याबाईंचा एक टाका सुटला. "बघून झालं? मग निघा," त्या पुटपुटल्या.

फोतिनी थेट नगराध्यक्षांकडे गेली. "साहेब, उद्या जहाज पेटवण्याआधी तुम्ही राजदंडाने त्यावर तीन ठोके दिलेत तर? काय रुबाब दिसेल!"

नगराध्यक्ष कोंबड्यासारखे फुगले. "डांबरवाल्याची नात, पण अक्कल आहे हो!"

याकूमिसांनी शत्रूची जहाजं जाळली, म्हणून दरवर्षी बंदरात एक लाकडी जहाज पेटवतात. दुसऱ्या दिवशी सूर्य कलला तशी सगळी गर्दी तिथे लोटली. नगराध्यक्षांनी छाती काढून राजदंड उगारला.

ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

लगेच काठावरच्या शेडमधून स्तामातिसने आजोबांची मोगरी हाणली. ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

हुबेहूब तोच आवाज! पोरं खिदळली. म्हातारे कोळी मात्र आपापले बूट न्याहाळू लागले. जन्मभर हा आवाज ऐकलेली माणसं ती, पण नगराध्यक्षांना सांगणार कोण?

"कोण पाजी आहे तो?" नगराध्यक्ष ओरडले. "वीरांच्या राजदंडाची टिंगल?"

"लाझारोस, खाली ठेव ते!" आत्याबाई काठी टेकत पुढे आल्या. "तुझ्या आजोबाने त्याला सोनेरी रंग दिला, तेव्हा डबा मीच धरला होता. आठ वर्षांची होते. तेव्हापासून गप्प आहे." त्यांनी फोतिनीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास, पोरी! जे मला बहात्तर वर्षांत जमलं नाही, ते तुम्ही दोघांनी दोन दिवसांत केलंत."

"आत्या, लोक ऐकतायत!"

"ऐकू देत! अरे, डांबराने जहाज कसं भडकतं हे सरदाराला काय ठाऊक असणार? आणि त्या शेडला कुणी हात लावला, तर आधी मला हलवावं लागेल."

नगराध्यक्षांच्या हातातली मोगरी हळूहळू खाली आली. आत्याबाई गर्दीकडे वळल्या. आता आवाज अगदी साधा होता.

"आपला याकूमिस डांबरवाला होता. त्याच शेडमधला."