तुमी मानूस नाई

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्यासोबत घडलंय. गेल्या एप्रिलमध्ये, ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरात, भर दुपारी.

मी रक्तदात्यांची वेबसाइट चालवतो. फुकट. आमच्या भागात सिकलसेलची लेकरं खूप, त्यांना सारखं रक्त लागतं, म्हणून.

पण बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, यायचे आणि दात्यांचे नंबर उपसून न्यायचे. मग दात्यांना दिवसभर लोनवाल्यांचे फोन. दाते माझ्यावर भडकले.

मी साइटला गेट बसवलं. चित्रांतला ट्रॅफिक सिग्नल ओळखा, मगच आत. जंगलातल्या गावांत सिग्नल असतो का कुठे? तिकडचे लोकही भडकले. डोकं उठलं माझं!

शेवटी सिग्नलच्या जागी मोहफूल ठेवलं. आपल्या माणसाला सोपं, बॉटला अवघड.

त्याच दुपारी फोन वाजला.

"राजदीपभाऊ, मी बायनाबाई, आलापल्लीची. मयुरीले, माह्या पोरीले, ओ निगेटिव्ह रक्त पायजे. आजच. मोहफूल बरोबर दाबून राह्यली, तरी ते म्हणते, तुमी मानूस नाई."

"पुन्हा दाबा, बाई."

"कितीदा दाबू? नाईच म्हणते."

दवाखान्यातून बोलतेय म्हणाली. पण मागे गर्दीचा आवाज नव्हता...

तिच्या श्वासाचाही नव्हता...

फक्त वाळका पाला तुडवल्यासारखं काहीतरी...

गेटच बिघडलं असणार. वैतागून मी ते काढूनच टाकलं.

"आता बघा."

"भेटला. अश्विन. ओ निगेटिव्ह."

फोन कटला.

काय बिघडलं ते तपासायला बसलो. साइटच्या नोंदीत त्या दुपारी कोणी आलंच नव्हतं...

एकही माणूस नाही.

संध्याकाळी अश्विनला फोन लावला.

"देऊन आलो न रक्त. पोरगी बरी हाय. पन भाऊ, मले फोन करनारी बाई तिथी दिसलीच नाई. पोरीच्या बापाले इचारलं, लटारूभाऊले. तो रडाले लागला. म्हणे, बायना माही बायको हो. होळीच्या आधीच वारली."



गेट अजून काढलेलंच आहे. पुन्हा लावायला हात धजत नाही. लोनवाल्यांना तर रान मोकळं झालंय.

काल अश्विनचा मेसेज आला. "भाऊ, फोननं जीव खाल्ला. माहं नाव काढून टाका."

काढलं. काय करणार?

पुढच्या महिन्यात मयुरीला पुन्हा रक्त लागणार आहे. तिची आई पुन्हा शोधायला येईल...

आणि आता यादीत ओ निगेटिव्ह कोणीच नाही.