तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

साल्हाताईला आजोबांचं घर बघायचं होतं. डॉक्टरने हात टेकल्यावर माणसं मक्केला जायचं म्हणतात. हिला दोन गल्ल्या पलीकडे जायचं होतं. हट्ट स्वस्त होता, म्हणून मी कबूल झालो. खरं सांगायचं तर ती गेली असती तर या लामू बेटावर माझ्याशी भांडायला कुणी उरलं नसतं.

आजोबा हस्तिदंताचे व्यापारी. घर चुलतभावांनी विकलं, परदेशी मालकाने चुना लावून नवंकोरं केलं, राहणाऱ्यांना भाडं आणि बघणाऱ्यांना तिकीट लावलं, आणि दाराशी राखणीला म्बारकला बसवलं.

"बीबी साल्हा, तिकीट?" तो ओशाळून म्हणाला.

"पहिल्यांदा आले तेव्हा फुकट आले होते रे. नागडी," ताई म्हणाली.

त्याने दार उघडलं.

ताई माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होती. भार कसला, ओला टॉवेल. कोनाड्यांत नव्या चिनी बशा चिकटवलेल्या. एकामागे एक दालनं, प्रत्येक आधीच्यापेक्षा काळोखी. सगळ्यात आतली खोली बाळंतपणाची, आणि मयताला आंघोळ घालायची. जमिनीतली मोरी मालकाने चुन्याने बुजवून वर पलंग टाकला होता.

"पाहुण्यांना इथे गाढ झोप लागते म्हणे," म्बारक म्हणाला.

"लागणारच," मी म्हटलं. "आमच्या घराण्यातल्या सगळ्यांना लागली."

ताई पलंगावर टेकली. म्बारक पाणी आणायला गेला. मी बाहेरच्या दालनात ओट्यावर बसलो. गुडघे दुखत होते, डोळे मिटत होते. कुठल्याशा मशिदीत असरची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली. मग सगळं शांत. नव्या चुन्याचा वास, आणि त्याखाली दुसरा कसला तरी, ओलसर.

"येऊ का?"

बाईचा आवाज. हळू, अदबीचा. आमच्याकडे दारात उभं राहून तीनदा विचारतात; उत्तर आलं नाही तर पाहुणा निमूट परत जातो. मी अख्खी नोकरी जकातीच्या टेबलाशी मान वर न करता "या" म्हणण्यात घालवली.

"या, या," मी म्हणालो.

मग लक्षात आलं, आवाज रस्त्याकडून आला नव्हता.

आत गेलो. ताई पाय वर घेऊन बसली होती, तळहात तोंडावर दाबलेला.

"फमाऊ... तू बोललास?"

"कोण होतं?"

"दोनदा विचारून झालं होतं तिचं... पलंगाखालून. मी श्वास धरून बसले होते. तिसऱ्यांदा गप्प राहिलो असतो, तर गेली असती रे..."

पलंगाखालचा चुना ओला झाला होता. मयताच्या शेवटच्या पाण्यात घालतात त्या कापराचा वास येत होता. पाणी घेऊन आलेल्या म्बारकला मी काही सांगितलं नाही. त्याला तिथेच नोकरी करायची होती.

त्या रात्री ताई आता जाते की मग, म्हणून मी तिच्या उशाशी बसून राहिलो. सकाळी तिने तळलेला मासा मागितला. आठवड्याने ती शेजारणीशी भांडली. डॉक्टर म्हणाला, अल्लाची मेहेर.

"तुझी पाहुणी रस्ता चुकली वाटतं," मी चिडवलं.

ताई हसली नाही. "पाहुणा त्याचा, जो 'या' म्हणतो."

मग आमच्या राहत्या घराच्या उंबऱ्यावर ओलं पाऊल दिसायला लागलं. पुसलं की दुसऱ्या दिवशी थोडं आत. एकदा 'या' म्हटल्यावर पुन्हा कोण विचारतं? मी हल्ली चार पावलं चाललो तरी धापा टाकतो. पुसायचंही सोडून दिलंय. आज सकाळी पाऊल माझ्या खाटेपाशी होतं, बोटं उशीकडे.

दुपारी मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. आत गेलो तर ताईने शेगडीवर लग्नातलं मोठं पातेलं चढवलेलं.

"एवढं पाणी कशाला तापवतेस?"

ती वळली. हातातली पळी तशीच.

"तूच तर मघाशी सांगितलंस, आंघोळीचं पाणी ठेव म्हणून... आतल्या खोलीतून."