राहिलेला पदर

वात जरा खाली कर. एवढा उजेड नको. आणि दार लोटून घे... बाहेरची ओल आत येतेय. हं, आता बस इथं, सांगते.

लढाई सुरू व्हायच्या आधीचा श्रावण. मी तळेगावच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझी थोरली बहीण रजनीताई लोणावळ्याला दिलेली. तिचा निरोप आला, की येताना तांबड्या रेशमाच्या लडी आणि सोनेरी टिकल्या घेऊन ये, इथल्या बाजारात मनासारख्या मिळत नाहीत. गोकुळाष्टमीची सुट्टी होती. दुपारच्या गाडीनं मी निघाले. पिशवीत रेशीम, टिकल्या आणि ताईला आवडतात म्हणून ओल्या नारळाच्या करंज्या.

तिचे यजमान, दीनानाथ भावोजी, यांना नोकरीची गरज नव्हती. वडिलांनी मुंबईत कमावून ठेवलेलं होतं. लोणावळ्याला बंगला बांधायचा आणि तो सजवत बसायचं, एवढाच त्यांचा उद्योग. विलायतेहून घरसजावटीची मासिकं यायची. त्यात जसा पडदा तसाच दिवाणखान्यात हवा, जशी फुलदाणी तशीच कोपऱ्यात. खुर्ची बोटभर सरकली तरी पाहुण्यांसमोर मासिक उघडायचे आणि ताईला म्हणायचे, "बघ, चित्रात कुठं आहे आणि तू कुठं ठेवलीस. डोळे आहेत ना तुला?" पाहुणे हसायचे. ताईही हसायची.

अलीकडे त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला होता. मावळातल्या खेड्यांतून समया, पानपुडे, कोरीव देव्हारे गोळा करून आणायचे. टाकवे बुद्रुकहून त्यांनी एक चित्र आणलं होतं. कुठल्याशा दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ होतं ते, खिडकीशी बसलेल्या बाईचं. तेव्हा मुलींना वेड असायचं बघ, छापील चित्रातल्या बाईला खऱ्या कापडाची चोळी शिवायची, लुगड्याला जरीचे काठ लावायचे, अंगभर टिकल्या जडवायच्या. झुंबर नावाच्या मुलीनं ते पुठ्ठ्यावर ताणून असं सजवलं होतं. अर्धा पदर राहिला आणि ती तापानं गेली. तिची आई धोंडाबाई त्या चित्रापुढं रोज दिवा लावायची. भावोजींनी तिला सांगितलं, "फोटो काढतो आणि लगेच परत देतो." परत द्यायचं कधी मनातच नव्हतं. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं.

मुंबईच्या एका मासिकाचा माणूस बंगल्याचे फोटो घ्यायला येणार होता. अर्धवट चित्र भिंतीवर कसं शोभणार? म्हणून उरलेला पदर शिवायला त्यांनी ताईला बसवलं होतं.

मी पोचले तेव्हा दुपार होती, पण धुकं इतकं खाली आलेलं की फाटक हाताला लागलं तेव्हाच दिसलं. फाटकाशी इरलं पांघरून एक म्हातारी बसली होती. धोंडाबाईच ती. दर बाजाराच्या दिवशी टाकव्याहून कामशेतपर्यंत चालत आणि तिथून गाडीनं यायची, फाटकाशी बसायची आणि संध्याकाळी परत जायची. बंगल्याचा माळी हौशीराम मला छत्रीत घेऊन आत निघाला, तेव्हा मी विचारलं, "हिला आत का नाही घेत?"

"सायबांचा हुकूम हाय," तो हळूच म्हणाला. "म्हनत्यात, फोटो अजून न्हाई निगाला, असंच सांगायचं."

घरात भर दुपारी दिवे लागलेले. दिवाणखान्यात नेहमी पॉलिशचा वास यायचा. त्या दिवशी मात्र शेणाच्या गोवऱ्यांचा धूर आणि भिजलेल्या पेंढ्याचा वास होता... गरिबाच्या घरात पावसाळ्यात असतो तसा. त्या घरात गोवरी कधी पेटली नव्हती.

ताई खिडकीशी बसली होती. मांडीवर चित्र. पुठ्ठ्यातून सुई जायची, टच्... आणि मागून धागा यायचा, सर्रर्र... मी हाक मारली. तिनं मान वर केली, हात थांबवले.

आवाज थांबला नाही. टच्... सर्रर्र...

"ऐकू आलं ना तुला?" ताई पुटपुटली. "मला वाटलं, मलाच येतं. नीरू, मी एक टाका घालते आणि दोन पडतात."

"खाली ठेव ते."

"ठेवता येत नाही गं."

मी तिचा हात उचलला. लाल धागा सुईतून निघून तिच्या तर्जनीच्या कातडीत शिरला होता, मधल्या बोटातून बाहेर आला होता आणि तिथून पुठ्ठ्यात गेला होता. रक्ताचा थेंब नाही. बोटं नीट टिपलेली, बारीक, सारख्या टाक्यांनी. ताईला इतकं बारीक कधी शिवता आलं नाही. तिची टीप नेहमी वाकडी जायची, आई त्यावरून रागवायची.

मी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि धागा पकडला. तेवढ्यात भावोजी आत आले.

त्यांनी बघितलं. सगळं बघितलं. मला वाटलं, ओरडतील, डॉक्टरला बोलावतील. त्यांनी कोपऱ्यातला दिवा उचलला, ताईच्या जवळ आणून ठेवला आणि वाकून पदर न्याहाळला.

"किती राहिलं?"

"थोडंच," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, हात चालूच होते.

"भावोजी, तिची बोटं बघा!"

"बघितली. उद्या फोटोवाला यायचाय." त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून खिशात टाकली. "असं काम मी आजवर पाहिलं नाही. हाताला लागलंय ते होईल बरं. तुम्ही बाहेर बसा. तुम्ही आलात की ती बोलत बसते."

मला दंडाला धरून त्यांनी ओसरीवर काढलं आणि आतून कडी घातली. मी दार बडवलं. आतून फक्त तोच आवाज. टच्... सर्रर्र...

मी पावसातच फाटकाकडे धावले. म्हातारीपुढं चिखलात बसले. "मावशी, माझी बहीण आत आहे. ते चित्र तुमचं आहे ना? चला, आत्ता घेऊन जा. मी देते काढून."

तिनं इरलं मागं सारलं. मग म्हणाली, "माजी झुंबर मरताना म्हनली, आये, ह्यो पदर कुनाला पुरा करू दिऊ नगं. पुरा झाला की मला उठावं लागंल... आन् पुरा करनारीला माज्या जागी बसावं लागंल."

"मग उठा ना! अजून थोडं राहिलंय!"

"मी दर बाजारी यायची ते चित्र मागाया," धोंडाबाई अगदी शांतपणे म्हणाली. "हात जोडले, पाया पडले. तुमच्या सायबानं कुत्र्यावानी हाकललं मला. मागल्या बाजारी हौशीराम बोलला, बाईसाब पदर शिवत्यात. तवापासनं मी मागत न्हाई."

तिनं मांडीवरचं गाठोडं सोडलं. आत हिरवं लुगडं होतं, नवं, घडी न मोडलेलं.

"लय दिस झालं पोरीला बघून," ती म्हणाली.

मागं बंगल्यात आवाज थांबला होता.

कडी निघाली. ताई बाहेर आली. पायऱ्या उतरली, ओल्या फरसबंदीवरून अनवाणी. माझ्या अगदी जवळून गेली. मी हात धरला, तो तिनं सोडवून घेतला, रागानं नाही, बाजारात परक्या माणसानं धरावा आणि आपण सोडवावा तसा. म्हातारीपुढं उभी राहिली.

"आये," ती म्हणाली, "किती भिजलीस गं. चल."

दोघी एका इरल्याखाली धुक्यात गेल्या. मी मागं धावले, हाका मारल्या... स्टेशनाच्या वळणापर्यंत पावलं ऐकू येत होती, मग तीही नाहीत.

परत आले तर भावोजी चित्र भिंतीवर लावत होते. पदर पुरा झाला होता. "जरा मागं होऊन बघा," ते मला म्हणाले, "सरळ आहे ना?" ताईचं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मग मीच सांगितलं, तेव्हा म्हणाले, "वेड लागलंय तिला. वेड्या बायकोला घरात ठेवून मी काय करू?"

मी टाकव्याला गेले. ताई भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी राहून गवत काढत होती, हिरवं लुगडं खोचून. माझ्याकडं बघून म्हणाली, "कोन पायजे, बाई?" तिच्या डोळ्यांत ओळखीचं काही नव्हतं. बोटांवर एक व्रण नव्हता. मी रडले, तिला ओढलं, गावातली माणसं गोळा झाली. धोंडाबाईनं मला बाजूला नेलं. "ही माजी हाय," ती म्हणाली. "तुमची तितं भितीवर हाय. तिला न्या."

न्यायला मी किती वेळा गेले. भावोजींनी मला आत घेतलं नाही. माझी आई फाटकाशी बसून परत आली, तिलाही आत घेतलं नाही. मासिकात बंगल्याचे फोटो छापून आले, खाली त्यांचं नाव. मग त्यांनी त्या चित्राला काच बसवली. ती आतल्या बाजूनं धुरकट होते, असं हौशीराम सांगायचा. चित्रातल्या बाईच्या तोंडासमोर वाटीएवढा डाग, वैशाखातही. चित्राची शोभा जाते म्हणून भावोजींनी चौकटीच्या कडेनं कागदाच्या पट्ट्या चिकटवून घेतल्या. हवा शिरू नये म्हणून. त्यानंतर डाग रोज लहान होत गेला.

गेल्या आठवड्यात हौशीराम तळेगावच्या बाजारात भेटला. त्यानं बंगल्याची नोकरी सोडली होती.

"का रे? डाग गेला का?"

"गेला, बाई. पार गेला." तो इकडंतिकडं बघत राहिला. "पन आता दुसरा पडतुया. काचंवर... भायेरनं. आतल्या बाईनंच भायेर येऊन, तोंड लावून आत बघावं तसा. मी पुसला की पुन्ना पडतुया."

"भावोजी असतील."

"सायेब तवा माज्या मागं खुर्चीत बसल्यालं हुतं, बाई..."